पायांनी वाजवायचा जुना ऑर्गन दुरुस्त करताना सुरांना सगळ्यांत शेवटी हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा नाटक कंपनीत साथीला बसत. त्यांचा पायांनी वाजवायचा ऑर्गन घरात बरीच वर्षं नुसता उभा आहे. पेडल मारली की दम येतो, पण टिकत नाही. मधल्या सप्तकातले काही सूर मुके आहेत, एक सूर पट्टी न दाबताच बोलत राहतो, आणि ट्यूनरच्या ॲपवर सगळेच सूर ४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण मापाच्या मानाने चढे दिसतात. पाहायला आलेल्या कारागिरानं तीन गोष्टी सुचवल्या: भात्याला रेक्झिन लावू, सूर घासून ४४० ला आणू किंवा नवेच बसवू, आणि पेडलचा त्रास नको म्हणून आत मोटर टाकू. हे करावं का? शिवाय हा चर्चमधल्या पाइप ऑर्गनचाच प्रकार आहे का, आणि याचं वय कसं कळेल?

तिन्ही गोष्टींना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यातलं सूर घासणं तर मुळीच करू देऊ नका. बाकीच्या दोन चुका पुढे कुणीतरी निस्तरू शकेल. घासलेलं पितळ मात्र परत येत नाही.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू, कारण कारागिराचा गोंधळ तिथूनच सुरू झालेला दिसतो. पाइप ऑर्गनमध्ये दाबाखालची हवा शेकडो नळ्यांत सोडतात आणि बहुतेक नळ्यांत आतला हवेचा स्तंभच बोलतो. म्हणून खोलीचं तापमान एका अंशानं वाढलं की अशा नळ्या साधारण तीन सेंटनी चढतात (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तुमच्या ऑर्गनमध्ये नळी एकही नाही. त्यात आपल्या पेटीसारख्याच पितळी जिभा आहेत, चौकटीत मोकळ्या हलणाऱ्या (चौकटीसकट जिभेलाही ‘सूर’च म्हणतात), आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचा त्यांच्या स्वरावर फारसा परिणाम होत नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये ‘हार्मोनियम’ या नावानं पेटंट घेतलं ते याच घराण्यातल्या वाद्याचं. फरक हवेच्या दिशेत आहे. हार्मोनियम, मग ती हातपेटी असो की युरोपीय पायपेटी, जिभेवर हवा ढकलते. अमेरिकी धाटणीचा ऑर्गन हवा ओढतो. तुमच्या फोटोतल्या गुडघ्याच्या दोन तरफा, समोरच्या ओढायच्या खुंट्यांवरची नावं आणि पाठीमागची रचना पाहता तुमचं वाद्य या दुसऱ्या जातीचं आहे.

हे ओढणं समजलं की निम्मी दुरुस्ती समजली. पेटीत भाता भरला म्हणजे फुगतो. ऑर्गनमध्ये भाता ‘भरला’ म्हणजे मिटतो. आत मोठ्या स्प्रिंगा असतात आणि त्या साठवणीचा भाता सतत उघडू पाहतात. पेडल दाबलं की नवारीच्या पट्ट्यानं समोरचा छोटा भाता ओढला जातो, तो मोठ्या भात्यातली हवा आपल्याकडे खेचतो, आणि पेडल सोडलं की चामड्याच्या झडपेतून ती बाहेर टाकतो. दोन पेडलं, दोन छोटे भाते, आलटून पालटून. मोठा भाता मिटत जातो, स्प्रिंगा त्याला परत उघडायला बघतात, आणि या ओढाताणीतून जो निर्वात तयार होतो त्याच्यावर सगळं वाद्य चालतं. हे खेचणंही मोठं नसतं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरा आणि एक तोंड सुरांखालच्या बंद हवापेटीला लावा: दोन बाजूंच्या पाण्यात साधारण तीन-चार इंचांचा फरक पडतो. भाता पूर्ण मिटला की आतली एक सुरक्षा-झडप खुंटीवर टेकून आपोआप उघडते, म्हणजे जोरात पाय मारणाऱ्याकडूनही भाता फाटत नाही.

आता वरचा मजला. पट्टी दाबली की तिच्याखालची लाकडी काडी खाली सरकते आणि हवापेटीतली एक लांबट झाकणी उघडते. झाकणीला बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, आणि मऊ चामडं लावलेलं असतं. बाहेरची हवा सुराच्या घरातून, जिभेवरून, त्या झाकणीच्या वाटेनं खाली ओढली जाते आणि सूर बोलतो. पट्टी सोडली की स्प्रिंग झाकणी बंद करते. पण त्या घराचं बाहेरचं तोंडही उघडं हवं, नाहीतर हवा येणार कुठून? त्या तोंडावर लांब फळीसारखी झाकणं असतात आणि समोरच्या खुंट्या ओढल्या की ती उघडतात. खुंटी सूर वाजवत नाही, फक्त त्या ओळीचं दार उघडते.

म्हणून हवेची एकच वाट आहे: बाहेरून खुंटीच्या झाकणाखालून, जिभेवरून, झाकणीतून, हवापेटीतून, भात्यात, आणि पायाखालून बाहेर. या वाटेवर कुठेही भोक असलं की हवा सोप्या रस्त्यानं जाते आणि जिभेला उरेल तेवढीच मिळते. जीभ अशक्त बोलते, उशिरा बोलते, खर्जातली तर बोलतच नाही. पुष्कळ जण इथेच ‘सूर गेले’ म्हणतात. माझ्याकडे ‘सूर खराब’ म्हणून आलेल्या वाद्यांत बहुतेकदा सूर ठणठणीत निघतात आणि भाता गेलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीचं पितळ सहसा दगा देत नाही. रबर, चामडं, सरस आणि बनात मात्र देतात.

तुमच्या चार तक्रारी मी याच क्रमानं घेतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली, दम न टिकणं. मागची फळी काढा, म्हणजे भाता दिसेल. सगळ्या खुंट्या आत ढकला, एकही पट्टी दाबू नका, पेडल मारून भाता पूर्ण मिटवा आणि पाय काढून घ्या. चांगला भाता उघडायला निदान अर्धा मिनिट घेतो. तुमचा चार-पाच सेकंदांत उघडत असेल असा माझा अंदाज आहे. मग उदबत्तीचा धूर कडेकडेनं फिरवा. ऑर्गन हवा ओढतो, त्यामुळे जिथे गळती असेल तिथे धूर आत खेचला जातो. निखारा लांबच ठेवा, आतलं कापड आणि लाकूड खडखडीत वाळलेलं असतं. बहुधा घड्यांवर आणि कोपऱ्यांत धूर आत जाताना दिसेल. मूळ कापड म्हणजे दोन सुती थरांमध्ये रबर. ते रबर वर्षांनी कडक होतं, मग भुगा होऊन पडतं, आणि वरून अखंड दिसणारं कापड चाळणीसारखं झालेलं असतं.

पण गळती भात्यातच आहे असं गृहीत धरू नका. वरचा मजला स्क्रूंनी खालच्या पाटावर बसवलेला असतो आणि मध्ये चामड्याची पट्टी असते. लाकूड आक्रसलं की ते स्क्रू ढिले पडतात. ते हलक्या हातानं, मधून सुरुवात करून कडांकडे, थोडे थोडे आवळून पाहा. एवढ्यानंच वाद्य निम्मं सुधारल्याचं मी पाहिलं आहे. तरी शंका राहिली तर वरचा मजला उतरवा, पाटावरच्या हवेच्या भोकावर चामडं लावलेली सपाट फळी दाबून बसवा आणि पुन्हा पेडल मारा. आता दम टिकला तर भोकं वर आहेत, नाही टिकला तर खाली.

भात्याचं कापड बदलायचं ठरलं तर रेक्झिन का नको, ते सांगतो. रेक्झिन जाड आणि ताठ असतं. घडी पडली की ती घडी भात्याशी भांडते, पेडल जड होतं, आणि काही वर्षांत नेमक्या त्याच घडीवर वरचा लेप तडकतो. पाहिजे ते रबर लावलेलं घट्ट विणीचं सुती कापड. छोट्या भात्यांना जरा जाड, कारण मेहनत त्यांना जास्त, आणि मोठ्या भात्याला पातळ. कापड विकत घेण्यापूर्वी ते ओठांवर घट्ट धरून हवा ओढून बघा. जरा जरी हवा आली तरी ते कापड नको. जुनं कापड काढण्याआधी भाता किती इंच उघडतो ते मोजून लिहून ठेवा, आणि जुनं कापड शक्यतो अखंड सोडवून नमुना म्हणून जपा. घड्यांच्या आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, त्या फेकू नका. भाता मिटताना कापड नीट आत वळावं म्हणून त्या असतात, आणि नसल्या तर कापड झडपांमध्ये अडकतं.

चिकटवायला सरस. रात्रभर पाण्यात भिजवलेला, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठेक अंशांपर्यंत तापवलेला, उकळू न दिलेला. उकळला की त्याची पकड जाते. याला वास येतो, तो लवकर थिजतो, आणि घरातले लोक तक्रार करतात हे सगळं खरं. तरीही पांढरा डिंक नको. सरस गरम पाण्याच्या फडक्यानं पुन्हा सुटतो. पांढरा डिंक लाकडाच्या रेषांत शिरून बसतो, सुटत नाही, त्याच्यावर दुसरं काही धरत नाही, आणि पुढच्या माणसाला कापडाबरोबर लाकडाचे कपचेही उपटावे लागतात. तुमच्या नातवंडांच्या वेळी हा भाता पुन्हा एकदा उघडावा लागणार आहे, तेव्हाच्या माणसाचा विचार आज करायचा. हे काम पावसाळ्यात काढू नका. कोकणात तर जुलै-ऑगस्टमध्ये सरस आठवडाभर चिकटच राहतो आणि त्याला बुरशी येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा सगळ्यांत चांगली.

भाता उघडला आहेच तर आतल्या चामडी झडपाही बदला. त्या स्वस्त आहेत आणि त्यांच्यासाठी पुन्हा भाता फोडायला लागू नये. मऊ, सपाट चामडं, खरखरीत बाजू लाकडाकडे. ताणून ठोकायचं नाही आणि लोंबतंही ठेवायचं नाही. पेडलच्या नवारी पण त्याच वेळी. जुनी नवार बाहेरून चांगली दिसते आणि ऐन वाजवताना तुटते.

दुसरी तक्रार, बोलत राहणारा सूर. इथे लोक घाबरून त्या सुराच्या घरात कागद कोंबतात. कारणं मोजकीच आहेत. त्या पट्टीला समोरून हलकंच वर उचला. सूर थांबला तर पट्टी तिच्या मार्गदर्शक खिळ्यावर अडकते आहे. भोकाची बनात फुगली असेल किंवा पट्टी वाकली असेल. नाही थांबला तर पट्टी काढा आणि खालची काडी बोटांनी फिरवून बघा. पावसाळ्यात ती फुगून भोकात अडकते. काडी बाहेर काढून पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा, आणि अगदी गरज पडली तरच बारीक पॉलिश-पेपरचा एक हात मारा. काडी मोकळी असूनही सूर चालूच असेल तर झाकणीपाशी काहीतरी आहे: कचऱ्याचा कण, जागेवरून सुटलेली स्प्रिंग, किंवा कसरीनं खाल्लेली बनात. त्यासाठी वरचा मजला उतरवावा लागतो. भात्यासाठी तो उतरवायचाच आहे, तेव्हा घाई करू नका.

मजला उतरवताना एक शिस्त पाळा. प्रत्येक पट्टीवर आकडा कोरलेला असतो, तिचा क्रम मोडू नका. काड्या एकसारख्या दिसल्या तरी त्यांच्या लांबीत थोडा थोडा फरक असतो. म्हणून एका फळीला ओळीनं भोकं पाडा आणि काडी ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं त्यात उभी करा. मोबाइलवर हवे तेवढे फोटो काढा. खुंट्यांपासून मागच्या झाकणांपर्यंत जाणाऱ्या तारा आणि तरफा सोडवण्यापूर्वी तर हमखास. तो भाग परत जोडताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

आता मुके सूर. भाता आणि झाकण्या झाल्यावरच इकडे या, कारण कदाचित निम्मे सूर तोवर आपोआप बोलू लागलेले असतील. उरलेल्यांत धूळ. जिभेची टोकं आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट असते. त्यात एक कण अडकला की जीभ हलत नाही. सूर घरातून सरकवून बाहेर काढायचा असतो. त्याच्या दर्शनी टोकाला एक खाच असते आणि त्यात अडकवायचा आकडा कित्येक ऑर्गनच्या आतच एखाद्या कोपऱ्यात टांगलेला सापडतो. कारखान्यातूनच तसा दिलेला असे. नसेल तर जाड तार वाकवून करता येतो. पकडीनं ओढू नका, चौकट वाकली की सूर पुन्हा घरात नीट बसत नाही. काढलेले सूर ओळीनं, क्रमानं ठेवा.

मऊ ब्रशनं जिभेच्या मुळाशी असलेल्या रिव्हेटकडून टोकाकडे झाडा, उलट नको. पातळ कागद जिभेखालून हलकेच सरकवा. फार मळ असेल तर कोमट पाणी, थेंबभर साबण, आणि लगेच पंख्याखाली पूर्ण सुकवणं. हिरवा कळंक दिसला की आपला हात सवयीनं चिंचेकडे किंवा भांड्यांच्या पावडरीकडे जातो. तो आवरा. ही समई नाही. घासून चकचकीत केलेली जीभ पातळ होते आणि तिचा स्वर सरकतो. कळंक थोडा राहिला तर राहू द्या.

जीभ भुणभुणत असेल तर तीन शक्यता: चौकट घरात सैल आहे, रिव्हेट ढिला आहे, किंवा जीभ एका बाजूनं चौकटीला लागते आहे. पहिल्याला कागदाचा एक तुकडा पुरतो. दुसऱ्याला रिव्हेटवर हलका ठोका, खाली भक्कम आधार देऊन. तिसरं काम नजरेचं आहे. सूर उजेडासमोर धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखी फट दिसेपर्यंत जिभेला मुळापाशी किंचित सरळ करा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑर्गनच्या जिभा पेटीच्या जिभांसारख्या सपाट नसतात. त्यांना मुद्दाम बाक आणि पीळ दिलेला असतो, आणि ऑर्गनचा तो गोल, मऊ आवाज बऱ्याच अंशी त्यातून येतो. पेटीचं काम करणारे काही कारागीर ‘वाकडी झाली आहे’ म्हणून ती सरळ करतात. मग ऑर्गन पेटीसारखा वाजायला लागतो. एखादी जीभ खरंच तुटली असेल तर जुन्या, मोडीत निघालेल्या ऑर्गनमधला त्याच स्वराचा सूर शोधायचा. सगळे नवे सूर बसवायचं कारण कधीच नसतं.

आता ४४०. तुमच्या ॲपवर सगळे सूर साधारण सारख्याच प्रमाणात चढे आहेत. याचा अर्थ वाद्य बेसूर नाही. ते ज्या पट्टीत बनलं त्याच पट्टीत अजून शाबूत आहे. त्या काळी जगभर एकच मापदंड नव्हता. समजा तुमचा ऑर्गन ४५० च्या आसपास आहे. तो ४४० वर आणायचा म्हणजे प्रत्येक सूर जवळजवळ ३९ सेंटनी उतरवायचा. सूर उतरतो तो जीभ मुळाशी खरवडून, चढतो तो टोकाशी खरवडून. म्हणजे शेकडो जिभांचं मूळच अशक्त करायचं. काही वर्षांत त्या तिथेच तडकतात. आणि हे कशासाठी? आपल्याकडे गायक ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ म्हणतो आणि वादक तिथून वाजवतो, तंबोरा हवा तिथे लागतो, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यालाही बारीक फरक करायची सोय असते. दुसरी पेटी सोबत बसणार असेल तरच अडचण. ती पेटी जवळ लावून घ्या, ऑर्गन नको.

हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर यांचा १६९३ मध्ये पुरा झालेला पाइप ऑर्गन आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, त्याच्या दर्शनी नळ्या धातूसाठी काढून नेल्या. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या नळ्या सुरक्षित ठिकाणी हलवल्या म्हणून वाचल्या. युर्गेन आरेंड यांनी त्याचं जीर्णोद्धाराचं काम १९९३ मध्ये संपवलं, तेव्हा त्याचा मूळ स्वर, म्हणजे साधारण ४९५ हर्ट्झ, तसाच ठेवला. आजच्या मापापेक्षा तो दोन पट्ट्या वर आहे. आजचा वाद्यवृंद त्याच्याबरोबर सहज वाजवू शकत नाही, तरी कुणी नळ्या बदलल्या नाहीत. एवढ्या मोठ्या वाद्याला जी सवलत मिळते ती तुमच्या आजोबांच्या ऑर्गनला मिळायला हरकत नसावी.

सूर मिळवायचे ते एकमेकांशी. ओळीतला एखादाच सूर इतरांपासून पाच-सात सेंट सरकलेला असेल, तेवढाच दुरुस्त करायचा, तोही स्वच्छ करून, घरात बसवून, दोन दिवस वाजवून झाल्यावर. खरवडताना जिभेखाली पातळ पट्टी सरकवा, दोन हात मारा, परत बसवा, ऐका. एक ओळ मात्र आधीच ओळखून ठेवा. ‘व्हॉक्स ज्युबिलांटे’ किंवा ‘सेलेस्ट’ लिहिलेल्या खुंटीखालची ओळ बाकीच्यांपेक्षा मुद्दाम किंचित सरकवून लावलेली असते, म्हणजे दोन ओळी एकत्र बोलल्या की स्वर हेलकावतो. ‘ही ओळ उतरली-चढली आहे’ असं समजून ती मिळवून दिली की खुंटी तशीच राहते आणि तिचा आवाज कायमचा जातो. असे ऑर्गन माझ्यासमोर आले आहेत. मालकाला वाटतं ती खुंटी नुसती शोभेची.

शोभेच्या खुंट्याही असतात, हे वेगळं. कारखानदार खुंट्यांची संख्या दाखवून विकत. ‘डायपेसन’ आणि ‘डल्सियाना’ या दोन खुंट्या पुष्कळदा एकाच ओळीचं दार उघडतात, एक पूर्ण आणि दुसरी अर्धं. ‘व्हॉक्स ह्युमाना’ सूर उघडतच नाही, ती आतला एक पंखा फिरवते आणि पुठ्ठ्याची पाती हवेच्या वाटेत फिरून आवाज थरथरवतात. बाजूच्या दोन गुडघ्याच्या तरफांपैकी सहसा एक आवाज मोकळा करते आणि दुसरी सगळ्या ओळी एकदम उघडते. गुडघ्याच्या या तरफांवर नाट्यगीताच्या साथीतलं बरंच काही अवलंबून असतं.

इथे मोटरीचा मुद्दा येतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचं खेचणं ऑर्गनला लागणाऱ्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. थेट जोडलं तर झाकण्या हवापेटीला चिकटतात, पट्ट्या दगडासारख्या होतात आणि जुन्या सांध्यांना तडे जातात. नियंत्रित, कमी ताकदीचा पंखा लावता येतो, मान्य. पण मग पाय काय करणार? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तिथून पुढच्या काही दशकांत साथीची वाद्यं बदलत गेली. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनला रंगमंचापुढे हक्काची जागा मिळाली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे. ध्वनिक्षेपकाशिवायच्या थिएटरात तो भरून राहत असे, आणि तरी गायकाच्या अंगावर येत नसे. पुढच्या पिढीत पं. गोविंदराव पटवर्धनांनी ऑर्गन आणि हार्मोनियम दोन्हींवर जी साथ केली तीही अनेकांनी ऐकली आहे. गायक तान घेऊन समेकडे येताना पेडलचा दाब वाढतो, ठेहरावावर पाय सैल होतो, गुडघा किंचित मागे येतो. मोटर हा दाब सदैव एकसारखा ठेवते. तुम्हाला पाय दुखतात म्हणून मोटर हवी असेल तर मी समजू शकतो, पण तुमच्या ऑर्गनचं पेडल जड आहे ते गळक्या भात्यामुळे. भाता नीट झाला की सावकाश पायांनी काम भागतं.

बाहेरच्या पेटीबद्दल फार बोलत नाही. जुनं लाखेचं पॉलिश असेल तर मऊ फडकं आणि थोडं मेण, एवढंच. चकाकणारा नवा लेप नको. लाकडातून पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि ते घरातल्या दुसऱ्या फर्निचरमध्ये जाण्याआधी बघा. ऑर्गन ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पेडलच्या फटींतून उंदीर आत जातात आणि बनात व चामडं या दोन्ही गोष्टी त्यांना आवडतात. जुन्या अमेरिकी कंपन्या ‘उंदीर-रोधक पेडल’ अशी जाहिरातच करत, यावरून त्रास किती जुना आहे ते कळावं. पेडलमागे बारीक जाळी ठोकली तरी पुरे.

हे सगळं घरी करू नका असं मी म्हणणार नाही. धूर फिरवणं, स्क्रू आवळणं, पट्ट्यांचे खिळे आणि काड्या, वरवरची धूळ, एवढं सावध माणूस करू शकतो. भाता आणि जिभा मात्र ज्यानं हवा ओढणारा ऑर्गन पूर्वी उघडला आहे अशालाच द्या. पेटीचा उत्तम कारागीर असला तरी हा प्रश्न त्याला सरळ विचारा. आणि कामाआधी ‘जुने भाग परत मिळतील ना?’ हेही विचारा. जो म्हणेल ‘जुनं काय करायचंय’, त्याला चहा पाजून निरोप द्या.

राहिला वयाचा प्रश्न. पट्ट्यांच्या वरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत नाव असेल. आपल्याकडे एस्टी, मेसन अँड हॅम्लिन आणि कॅनडातल्या काही कंपन्यांची नावं दिसतात. यामाहाही असू शकेल. १८८७ मध्ये तोराकुसु यामाहा यांनी हामामात्सुच्या शाळेतला एक ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथूनच ती कंपनी उभी राहिली. मेसन अँड हॅम्लिन १८५४ मध्ये बोस्टनला सुरू झाली. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोच्या एस्टी कंपनीनं तर पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले, त्यामुळे तुमचा एस्टी निघाला तर तो दुर्मिळ नाही, पण सुटे भाग मिळायची शक्यता त्यानंच वाढते. नावापेक्षा अनुक्रमांक महत्त्वाचा. तो सहसा मागच्या फळीवर, कधी पट्ट्यांखालच्या चौकटीवर छापलेला असतो. मोठ्या कंपन्यांच्या अनुक्रमांकांवरून वर्ष काढायचे तक्ते संग्राहकांकडे आहेत. पहिल्या किंवा शेवटच्या पट्टीच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख किंवा सही आहे का तेही बघा, कारखान्यातले आणि नंतरचे कारागीर अशी नोंद करत. नाव, अनुक्रमांक आणि अशा खुणांचे स्पष्ट फोटो पाठवा, म्हणजे वर्ष सांगता येईल.